‘तुला काय कमी आहे?’

मागच्या अंकात या सदरात मी मधुमेहावर लिहिले होते. त्यानंतर बरेच फोन आले. त्यांतला एक फोन मात्र मधुमेहाचा नव्हता. सुरुवात तशीच झाली. "ताई, मेथीचे दाणे रात्री भिजत घालायचे ना?" वगैरे. दहाएक मिनिटे इकडचे तिकडचे झाल्यावर पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या एका मैत्रिणीची मुलगी आहे. पंधरा वर्षांची. हुशार आहे हो, पण ती स्वतःला इजा करून घेते. असं का करत असेल?"

सव्वीस वर्षे जी.पी. म्हणून काम केल्यावर एवढे कळते, की अशा फोनमधली मैत्रीण बहुधा स्वतःच फोनवर बोलत असते. मी तिला तसे म्हटले नाही. कारण २०१३ साली मीही एका सहकारी डॉक्टरांना "माझ्या एका पेशंटच्या मुलीचं सांगते" अशी सुरुवात करून हाच प्रश्न विचारला होता. ती मुलगी माझी होती.

त्या बाईंना फोनवर जे सांगितले ते जरा सविस्तर लिहावे, म्हणून हा लेख. माझी मुलगी आता सत्तावीस वर्षांची आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. तिने मसुदा वाचून दोन वाक्ये खोडली आणि एक घालायला सांगितले. ते पुढे येईल.

आधी शब्दाबद्दल. इंग्रजीत याला सेल्फ-हार्म म्हणतात. मराठीत नेमका शब्द नाही आणि जो जवळचा आहे, ‘जिवाचं बरंवाईट करून घेणं’, तो ऐकताच आपल्या पोटात गोळा येतो. एन.एच.एस.ला उपचारांची दिशा सांगणारी जी ‘नाइस’ ही संस्था आहे, तिने २०२२ साली या विषयावर नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यातली व्याख्या साधी आहे : माणसाने जाणूनबुजून स्वतःला केलेली इजा किंवा विषबाधा, मग हेतू कोणताही असो. म्हणजे मरायची इच्छा असलेली आणि नसलेली, दोन्ही मुले यात आली. बहुतेकांना मरायचे नसते. पण अशी इजा करून घेणाऱ्यांत पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही तितकेच खरे. त्यामुळे घाबरून आकाशपाताळ एक करणेही चूक आणि ‘वयाचे आहे, जाईल’ म्हणून सोडून देणेही चूक.

हे किती घरांत घडते? ऑक्सफर्डचे प्रा. कीथ हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ४१ शाळांतल्या पंधरा-सोळा वर्षांच्या सहा हजारांहून अधिक मुलांना प्रश्नावली दिली होती. निष्कर्ष २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. मागच्या वर्षभरात स्वतःला इजा करून घेतलेली मुले ६.९ टक्के निघाली. मुलींत हे प्रमाण ११.२ टक्के, मुलांत ३.२. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन. आणि यांतले हॉस्पिटलपर्यंत पोचलेले प्रसंग होते फक्त १२.६ टक्के. आठांतले सात प्रसंग हॉस्पिटलच्या कागदावर उमटले नाहीत. आपल्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला स्टेजवर नाचणारी पोरे मोजा आणि हिशेब करा.

आपल्या तोंडात पहिला शब्द येतो तो ‘लक्ष वेधून घेण्यासाठी’. माझ्या मुलीने घालायला सांगितलेले वाक्य इथलेच आहे : "लक्ष वेधायचं असतं तर मी जूनमध्ये पूर्ण बाह्यांचे कपडे घातले नसते." हॉटन यांच्या त्याच पाहणीत मुलांना कारण निवडायला सांगितले, तेव्हा सर्वांत जास्त मुलांनी निवडलेले कारण होते, मनाच्या असह्य अवस्थेतून सुटका हवी होती. हार्वर्डचे मॅथ्यू नॉक यांनीही हेच मांडले आहे. बहुतेकदा ही इजा भावनेचा लोंढा थांबवण्यासाठी असते. क्वचित उलट, मन बधिर झालेले असते तेव्हा काहीतरी जाणवावे म्हणून. आणि काही वेळा ती निरोप असते, शब्दांनी सांगून कोणी ऐकले नाही म्हणून दिलेला. त्या लोंढ्याला क्षणभर बांध पडतो खरा, पण लगेच लाज येते, लाजेमागे लपवाछपवी येते आणि पुढच्या वेळी लोंढा आणखी मोठा असतो.

आता घराकडे येते. हॉस्पिटलात येणाऱ्या मुलांना कशामुळे असे वाटले विचारले, की घरच्यांशी असलेले तणाव हे उत्तर पुन्हा पुन्हा मिळते. पण एवढ्यावर थांबले तर अन्याय होईल. शाळेतला छळ, वंशद्वेषाचे टोमणे, नैराश्य, मित्रमैत्रिणींत कोणी असे केलेले असणे, स्वतःच्या लैंगिकतेबद्दल घरी सांगता न येणे, अत्याचार, अशी किती कारणे असतात. एका मुलात सहसा दोन-तीन एकत्र असतात. ‘आईबापांनी भांडण केले म्हणून मुलीने असे केले’ हे सरळ समीकरण नाही. आणि भांडण कोणाच्या घरी होत नाही?

तरीही घरातले काय बाधते याचा थोडा नेमका अभ्यास झालेला आहे. जॉर्ज ब्राऊन या लंडनच्या समाजशास्त्रज्ञांनी १९५०-६० च्या दशकांत एक निरीक्षण केले. मानसिक आजारातून बरे होऊन घरी गेलेले पेशंट, घरात कोणत्या सुरात बोलले जाते त्यानुसार पुन्हा आजारी पडतात किंवा पडत नाहीत. टीका, वैरभाव आणि अति गुंतवणूक, असे त्या सुराचे भाग मोजण्याची पद्धत त्यातून निघाली. नॉक आणि मिशेल वेडिग यांनी २००७ साली तीच पद्धत किशोरवयीन मुलांना लावली. अभ्यास छोटा, छत्तीस मुलांचा होता. त्यात इजेशी जोडलेली आढळली ती पालकांची टीका. अति गुंतवणूक, म्हणजे आपले ते ‘जेवलीस का, पोचलीस का, स्वेटर घातलास का’, तिचा तसा संबंध दिसला नाही. (हे वाचून मला फार बरे वाटले, कबूल करते!) आणि टीकेचा परिणाम जास्त होता तो आधीच स्वतःला दोष देत असणाऱ्या मुलांत. म्हणजे ज्या मुलीच्या डोक्यात ‘मी कुचकामी आहे’ हे चालूच असते, तिला आईचे "इतकंही जमत नाही का?" हे वाक्य वेगळ्या आवाजात ऐकू येते. बाहेरून एकाने म्हटलेले आणि आतून रोज म्हटले जाणारे, दोन्ही जुळतात.

आपण टीका करतो तेव्हा ती टीका आहे हे आपल्याला वाटतही नाही. "मावशीच्या रोहनला सगळे नाइन मिळाले." "इलेव्हन प्लसला एवढे पैसे ओतले, ते काय यासाठी?" "आमच्या वेळी चाळीत दोन खोल्यांत नऊ माणसं होतो, तरी बोर्डात आलो." हे सगळे प्रेमाने, काळजीने आणि बऱ्याचदा पाहुण्यांसमोर. आपल्या या वार्तापत्रात दर वर्षी जी.सी.एस.ई. आणि ए लेव्हलच्या गुणवंतांची फोटोसह यादी येते. ती बंद करा असे मी म्हणत नाही. आमच्या मुलीचा फोटोही त्यात मीच हौसेने पाठवला होता. पण ज्या घरचा फोटो त्या पानावर नसतो, त्या घरी ते पान जेवणाच्या टेबलावर किती दिवस पडून असते, हे कधी मनात येत नाही.

दुसरा अभ्यास मला माझ्या घराची आठवण करून देतो. मार्क कमिंग्ज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना मोठ्या माणसांच्या भांडणांच्या चित्रफिती दाखवल्या. काही भांडणे शेवटी मिटत होती. काही मिटत नव्हती, माणसे एकमेकांशी बोलणेच टाकत होती. त्यांचा १९९१ चा निबंध सांगतो, की मिटलेल्या भांडणाने मुले फारशी अस्वस्थ होत नाहीत. न मिटलेल्याने होतात, मग त्यात आवाज चढलेला असो वा अबोला असो.

अबोला! आपल्याकडे तर त्याला सभ्यपणाच समजतात. "आमच्यात कधी आवाज चढत नाही" असे मीही अभिमानाने सांगत असे.

त्या वर्षी पुण्यात माझ्या सासूबाई पडल्या, खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन, मग चोवीस तास बाई ठेवणे, यजमानांच्या दर दोन महिन्यांनी फेऱ्या. पैशांचा प्रश्न होताच. कोथरूडचा फ्लॅट विकावा की न विकावा, दिरांनी किती घालायचे, आपण किती, यांवरून आमच्या दोघांत बिनसले. कोण बरोबर होते ते आता आठवतही नाही. आठवते ते एवढेच, की जवळजवळ सात आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. घर चालू होते. डबे भरले जात होते. मधे मुलगी होती. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, शनिवारी मी नाही." ती इकडून तिकडे निरोप पोचवायची, आणि माझ्या लक्षात आले नाही की पोचवताना ती त्यात साखर घालत होती. मी "सांग त्यांना, बिलाचं काय ते बघा" म्हटले, की ती जाऊन सांगायची, "बाबा, आई विचारतेय, बिल जमेल का बघायला?" पंधराव्या वर्षी, जी.सी.एस.ई.चा अभ्यास करता करता, ती आमच्या दोघांची वकिली करत होती. आणि तरी आम्ही बोलत नव्हतो, म्हणजे तिच्या लेखी ती नापास होत होती. हे तिने मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितले.

जूनमध्ये शाळेतून फोन आला. पी.ई.च्या बाईंना तिच्या हातावरच्या खुणा दिसल्या होत्या. मी क्लिनिक अर्धे टाकून गेले. गाडीत बसताच माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते हे : "अगं, तुला काय कमी आहे?"

या तीन-चार शब्दांबद्दल मी खूप विचार केला आहे. मी डॉक्टर. अशा मुलांशी कसे बोलावे यावर तासाभराचे ट्रेनिंग त्याच वर्षी घेतलेले. आणि ऐन वेळी वर आले ते आपल्या आयांच्या, आज्यांच्या तोंडचे वाक्य. त्यात काळजीच असते, पण ऐकणाऱ्याला काय ऐकू येते? तुझ्या दुःखाला कारण नाही. आम्ही एवढे दिले, त्याचा हा मोबदला. आता मुलीने एक तर आईबापांवर आरोप करायचा किंवा आपले दुःख खोटे आहे असे कबूल करायचे. ती गप्प बसली. गप्प बसणार नाही तर काय करणार? डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती ज्यांनी बसवली त्या अमेरिकेच्या मार्शा लिनेहान यांच्या मांडणीचा गाभाच हा आहे : ज्या मुलाच्या भावना मुळात तीव्र असतात, त्याला जर घरात सतत सांगितले गेले की तुला वाटते ते तुला वाटायला नको, तर ते मूल भावना सांभाळायला शिकतच नाही. लिनेहानबाईंनी २०११ साली जाहीरपणे सांगितले, की तरुणपणी त्या स्वतः याच दुखण्यासाठी हॉस्पिटलमध्ये होत्या.

आपल्या समाजाविषयी एक गोष्ट इथेच सांगते. दिनेश भुग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली पश्चिम लंडनच्या हॉस्पिटलांतून केलेला अभ्यास आणि कमलदीप भुई यांनी २००७ साली घेतलेला ब्रिटनमधल्या अभ्यासांचा आढावा, दोन्हींत दिसते की दक्षिण आशियाई तरुण स्त्रियांत स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण त्याच वयाच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त आहे. ‘दक्षिण आशियाई’ या रकान्यात पंजाबी, गुजराती, बंगाली आणि आपण सगळे एकत्र कोंबलेले असतो, ते सोडून द्या. मला महत्त्वाचे वाटले ते दुसरे : त्यांतल्या अनेकजणी पुन्हा तसे घडल्यावर हॉस्पिटलकडे फिरकतच नाहीत, कारण तिथे आपल्याला कोणी समजून घेईल असे त्यांना वाटत नाही. घरी सांगता येत नाही आणि बाहेरही सांगता येत नाही.

पुढे काय केले ते सांगते. पहिली गोष्ट, मी तिची डॉक्टर झाले नाही. जनरल मेडिकल कौन्सिलचेही सांगणे आहे की शक्यतो आपल्या माणसांवर आपण उपचार करू नयेत. आमच्याच गावातल्या दुसऱ्या प्रॅक्टिसमधल्या तिच्या जी.पी.कडे गेलो. त्यांनी मला नम्रपणे बाहेर बसायला सांगितले. माझा इतका अपमान झाल्यासारखे वाटले! पण तेच योग्य होते. १९८५ च्या ‘गिलिक’ निकालापासून इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलालाही, त्याला समज असेल तर, आईबापांशिवाय डॉक्टरांशी बोलता येते आणि जिवाला धोका नसेल तर ते बोलणे गुप्त राहते. तुम्हीही मुलाला घेऊन गेलात तर दहातली निदान पाच मिनिटे स्वतःहून बाहेर बसा.

मग कॅम्स, म्हणजे मुलांची मानसिक आरोग्य सेवा. तिथली रांग तेव्हाही लांब होती, आजही आहे. रांगेत असताना हातावर हात ठेवून बसू नका. शाळेतले समुपदेशक आणि जी.पी. यांच्याशी दुवा चालू ठेवा, आणि काही बिघडले तर तसे पुन्हा कळवा. नंबर लागला तेव्हा तिथल्या बाईंनी आम्हा तिघांना एकत्र बसवले. पहिल्याच भेटीत त्यांनी मुलीला काही विचारले आणि उत्तर मी दिले. दुसरा प्रश्न, पुन्हा मी. तिसऱ्या वेळी त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही तिच्या वतीने छान बोलता. ती कोणाच्या वतीने बोलते?" मुलगी म्हणाली, "दोघांच्या." यजमानांनी मान खाली घातली.

फॅमिली थेरपी हाच रामबाण असे मात्र म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये ‘शिफ्ट’ नावाची मोठी चाचणी झाली, ८३२ मुले आणि चाळीस कॅम्स केंद्रे. २०१८ साली लॅन्सेट सायकायट्रीत निकाल आला : दीड वर्षात पुन्हा इजेसाठी हॉस्पिटलात यावे लागलेली मुले फॅमिली थेरपीच्या गटात २८ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात २५ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. लिनेहान यांच्या पद्धतीचे किशोरवयीन मुलांसाठी केलेले रूप, ज्यात पालकही शिकायला बसतात, त्याचे निकाल अधिक चांगले आहेत. नॉर्वेत २०१४ मध्ये ७७ मुलांवर झालेल्या चाचणीत इजेचे प्रसंग कमी झाले. ज्यांच्या भावना वारंवार हाताबाहेर जातात आणि जी पुन्हा पुन्हा इजा करून घेतात, अशा मुलांसाठी नाइस तिचा विचार करायला सांगते. पण कुठलीही थेरपी आठवड्यातला एक तास असते. उरलेले एकशे सदुसष्ट तास घरातले.

घरात आम्ही काय बदलले? भांडणे थांबली नाहीत. सासूबाई आणखी चार वर्षे होत्या, आणि प्रश्न होतेच. पण निरोप पाठवणे त्या दिवसापासून बंद. आणि वाद झाला तर तो मिटल्याचेही तिच्या कानावर पडू लागले. "फ्लॅट ठेवायचा ठरलं. मला पटलं नव्हतं, पण ठरलं." सुरुवातीला हे नाटकी वाटायचे, तिलाही आणि आम्हालाही. तिच्याशी खटका उडाला की मी म्हणायचे, "आत्ता मी चिडलेय, साडेआठला बोलू." आणि साडेआठला खरोखर जायचे. चिडून उठून जाणे सगळ्यांना जमते हो, परत जाणे जमत नाही. आपल्याकडे आईने मुलीची माफी मागायची पद्धत नाही. मला तो शब्द उच्चारायला तीन आठवडे लागले. यजमानांची तऱ्हा वेगळी. ते तिला शनिवारी बॅडमिंटनला गाडीने न्यायचे आणि काही विचारायचे नाहीत. शेजारी बसून, दोघांचीही नजर रस्त्यावर असताना, ती त्यांच्याशी जे बोलली ते माझ्याशी समोरासमोर कधीच बोलली नाही.

ज्यांना हे आज, आत्ता कळले आहे त्यांच्यासाठी थोडे रोखठोक. गोळ्या किंवा दुसरे काही घेतल्याची शंका असेल, तर मूल अगदी ठणठणीत दिसत असले तरी ताबडतोब ए अँड ई गाठा किंवा ९९९ लावा. काही गोळ्यांचा परिणाम उशिरा दिसतो. जखम असेल तर आधी जखम, प्रश्न नंतर. "मला कळलं ते बरं झालं, मी तुझ्यावर रागावले नाहीये" एवढे पहिल्या दिवशी पुरते. ‘पुन्हा करणार नाही’ अशी शपथ घालू नका; शपथ मोडते आणि मग तेही लपवावे लागते. अंग तपासायला जाऊ नका. फोन काढून घेऊ नका. ज्या मैत्रिणीला तिने हे सांगितलेले असते ती त्या फोनमध्येच असते.

आणि विचारा. "कधी मरून जावंसं वाटतं का?" असे स्वच्छ शब्दांत विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरेल ही भीती खोटी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा हायस्कूलांतल्या २,३४२ मुलांवर मॅडलिन गूल्ड यांनी हे तपासले, २००५ मध्ये प्रसिद्ध केले : विचारल्याने मुलांचा त्रास किंवा असे विचार वाढले नाहीत. उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी मदत मागा. मुलाला त्या वेळी एकटे सोडू नका.

घरातली औषधे कुलपात ठेवा. हे इंग्रज शेजाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. भारतातून येताना वर्षभराच्या गोळ्या बॅगेत भरून आणायच्या, सासूबाईंच्या उरलेल्या, मामांच्या जुन्या, सगळ्या किचनमधल्या वरच्या कप्प्यात बिस्किटांच्या डब्यात. नको असलेल्या गोळ्या फार्मसीत परत घेतात. असे विचार बऱ्याचदा लाटेसारखे येतात आणि ओसरतात. ती लाट आली असताना हाताशी काही नसणे, याने जीव वाचतात.

लोक दबकत विचारतात ते प्रश्नही घेते. पोलिसात जाईल का? नाही, इंग्लंड-वेल्समध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा १९६१ पासून गुन्हाच नाही, मग हे कसले. मेडिकलला ॲडमिशन नाकारतील का? मानसिक आजाराचा इतिहास आहे एवढ्यावरून नाकारत नाहीत. सोशल सर्व्हिसेस मुलीला घेऊन जातील का? मुलीने इजा करून घेतली एवढ्यावरून नाही. घरात तिला धोका असेल तरच तो प्रश्न येतो. आणि खरोखर धोका असेल, मारहाण, दारू, लग्नाची जबरदस्ती, तर वर लिहिलेले ‘साडेआठला बोलू’ त्या घरासाठी नाही. तिथे आधी सुरक्षित जागा. नॅशनल डोमेस्टिक अब्यूझ हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, फोन मोफत आणि चोवीस तास.

बाकीचे नंबर फ्रिजवर लावून ठेवा. मुलांसाठी चाइल्डलाइन ०८०० ११११. कोणासाठीही, कधीही, समॅरिटन्स ११६ १२३. इंग्लंडमध्ये १११ लावून २ दाबले की मानसिक आरोग्याची टीम मिळते. आणि आपल्यासाठी, म्हणजे पालकांसाठी, यंगमाइंड्सची पालक हेल्पलाइन ०८०८ ८०२ ५५४४. मी स्वतः मागच्या दाराच्या पायरीवर बसून पालकांच्या हेल्पलाइनला फोन केला होता. नाव सांगितले नाही, डॉक्टर आहे हे तर मुळीच नाही.

बरे होते का, हा शेवटचा प्रश्न त्या बाईंनी विचारला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात १,८०२ मुलांचा पंधराएक वर्षे पाठपुरावा केला होता. २०१२ साली लॅन्सेटमध्ये ते आले. किशोरवयात इजा करून घेणारी मुले आठ टक्के होती, आणि त्यांतली जी पुढे तरुणपणी भेटली त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांनी ते थांबवलेले होते. आमच्या घरी दीड वर्ष लागले. मधे दोनदा मागे गेलो. दुसऱ्या वेळी तिने आपणहून येऊन सांगितले, तेव्हा मी "तुला काय कमी आहे" म्हटले नाही. काहीच सुचले नाही, म्हणून चहा टाकला.

ता. क. – येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी हॉलच्या मागच्या लायब्ररीच्या खोलीत दुपारी तीन ते पाच बसणार आहे. ब्लडप्रेशर तपासण्याचे मशीन घेऊन येईन, म्हणजे कोण कशासाठी आत गेले ते कोणाला कळायचे नाही. मैत्रिणीच्या मुलीबद्दलही विचारायला या.